दोन सूर खाली

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ६७ वर्षांची, हे ७२. राजेंद्रनगरात राहतो. ह्यांना गाण्याचं वेड पहिल्यापासून. निवृत्त झाल्यावर एका कराओके ग्रुपमध्ये जायला लागले. यंदा गणपतीत वसाहतीच्या मंडळात ह्यांनी एक द्वंद्वगीत म्हटलं, पहिल्या भेटीचं, चांदण्यातलं. सोबतीला ग्रुपमधली सव्वीस वर्षांची मुलगी. हे तिच्याकडे वळून हातवारे करत गात होते, एकदा तर डोळा मिचकावला. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर लागला नाही, आवाज फाटला. मागच्या रांगेत हशा पिकला. त्यातच मंडळाच्या एका जुन्या गृहस्थांनी 'शारदा' नाटकातलं म्हाताऱ्या नवरदेवावरचं पद मोठ्याने गुणगुणलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता भजनं म्हणा. वयाला शोभेल असं काही." सून काही बोलली नाही, पण नातवाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिने पुसायला लावला. तेव्हापासून हे गप्प आहेत. ग्रुपला जात नाहीत. पेटीवर फडकं टाकून ठेवलंय. कोजागिरीच्या कार्यक्रमाला अजून नाव दिलेलं नाही.

खरं सांगते, मलाही लाज वाटली. पण ते असे बसलेले बघवत नाहीत. हे गाणं लग्नाच्या सुमारास आम्ही दोघं गायचो. पन्नाशीनंतर मी सोडलं, बरं दिसत नाही म्हणून. आता त्यांनीही सोडावं का? त्यांना सांगू कसं?

एक गृहिणी, इंदूर

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. त्या वाक्याकडे शेवटी येते. आधी त्या हशाचं बघू. तुमच्या घरात सगळ्यांनी धरून चाललंय की लोक ह्यांच्या वयाला हसले. मी चाळीस वर्षं गाणं शिकवते आहे, आणि मला वाटतं ते फाटलेल्या सुराला हसले.

कराओकेचा ट्रॅक बहुतेक वेळा मूळ गाण्याच्याच पट्टीत, म्हणजे त्याच मूळ 'सा'वर असतो. तो आवाज कुणा ऐन उमेदीतल्या गायकाचा. त्यात द्वंद्वगीत म्हटलं की पुरुषाची आणखी पंचाईत. बाईची पट्टी साधारण पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषाची काळी एक-दोन. दोघांना एकाच 'सा'वर उभं करायचं तर कुणीतरी एकाने ओढाताण सोसायची. कित्येक जुन्या द्वंद्वगीतांत ती पुरुषाने सोसलेली आहे, तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत चढून. तिशीत हे निभतं. सत्तरीत स्वरतंतू पातळ आणि कोरडे होतात, त्यांचा लवचिकपणा कमी होतो, छातीत दम पूर्वीइतका मावत नाही. अशा गळ्याला त्याच जुन्या उंचीवर चढवलं की तो फाटणारच. चाळिशीतल्या माणसाचा असा फाटला असता तरी मागची रांग हसलीच असती.

तेव्हा गाण्याला हात लावण्याआधी पट्टीला हात लावा. ट्रॅकची पट्टी खाली करून मिळते. साउंडवाल्याला "स्केल दोन खाली घ्या" म्हटलं की त्याला कळतं, आणि घरी मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्येही ते करता येतं. दोन सूर खाली, लागलं तर तीन. त्याच्या फार खाली नेलं तर वाद्यं बोदी वाजू लागतात, मग पेटी-तबल्यावर गायलेलं बरं. मोठमोठे गवई वय वाढलं की पट्टी उतरवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या हौशी मंडळींनाच का कोण जाणे, मूळ स्केलमध्ये गायलो हे छाती फुगवून सांगायचं असतं. त्या हट्टापायी मी चांगले चांगले गळे बसलेले पाहिलेत.

कोजागिरीला अजून वेळ आहे. सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटं खर्ज, म्हणजे खालचे सूर, ओठ मिटून, हळू. मग मध्य सप्तकात सावकाश पलटे, म्हणजे सुरांच्या उलटसुलट ओळी. वरच्या सुरांना पहिला आठवडा हात लावायचा नाही. पाणी भरपूर. इंदुरात शेवेशिवाय घास उतरत नाही हे मला ठाऊक आहे, पण गाण्याच्या दिवशी तेवढी राहू द्या. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर रियाज थांबवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ह्या वयात ते अंगावर काढू नये.

आता ते शारदेचं पद. ताई, देवलांच्या 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग १८९९ साली आपल्या इंदुरातच झाला, किर्लोस्कर मंडळीने केला. म्हणजे त्या गृहस्थांनी जी थट्टा केली ती ह्याच गावात पहिल्यांदा रंगमंचावर आली. म्हणून तरी ती नीट समजून करायला हवी होती. देवलांनी ज्या भुजंगनाथाची चेष्टा मांडली, तो पैसे मोजून नातीच्या वयाची पोर बायको म्हणून घरात आणायला निघाला होता, आणि तिचा बाप ती विकायला तयार होता. देवलांचा सगळा राग त्या सौद्यावर आहे. म्हाताऱ्या माणसाने चांदण्याचं गाणं म्हणू नये असं त्या नाटकात कुठेही नाही. ते पद तुमच्या यजमानांच्या तोंडावर फेकणं हा त्यांच्यावर अन्याय झाला.

पण एका गोष्टीत मी तुमच्या यजमानांची बाजू घेणार नाही. तो मिचकावलेला डोळा. त्यांच्या मनात वावगं काही नसेल. टीव्हीवरच्या स्पर्धांत जोडीने गाणारे असंच एकमेकांकडे वळून हावभाव करतात, तेच त्यांनी उचललं असेल. तरी त्या मुलीला त्या घडीला काय वाटलं हे तुमच्या पत्रात नाही, आणि बहुधा कुणी तिला विचारलंही नसेल. स्टेजवर, दोनशे माणसांसमोर, वडीलधाऱ्या माणसाला ती काय म्हणणार? त्यांनी तिला एकदा सरळ विचारावं, "बेटा, तुला अवघड वाटलं का?" आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्यावं. लोकांना शारदा आठवली ती त्या डोळ्यामुळे आठवली, गाण्यामुळे नव्हे, आणि तेवढ्यापुरता मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

हे त्यांना मुलाने सांगू नये, तुम्हीच सांगा. "गाऊ नका" असं म्हणू नका. "गाताना समोर बघा" एवढंच म्हणा.

समोर बघून, स्वस्थ उभं राहून तरुण गाणं कसं गायचं हे शिकायचं असेल तर सुलोचना चव्हाण आठवा. लावणीइतके तरुण आणि धीट शब्द मराठीत दुसऱ्या कशात नाहीत. आणि ही बाई डोक्यावर पदर घेऊन, नाच न करता ते शब्द म्हणायची. सगळा ठसका उच्चारात, एखाद्या अक्षरावर दिलेल्या झटक्यात. २०२२ साली त्या गेल्या, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी विचारलं नाही की ह्या वयात हे शब्द का? तशाच वाईच्या यमुनाबाई. बैठकीची लावणी बसून गायची, चेहऱ्याच्या आणि हाताच्या अदेवर. पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांची अदा लहान असे, एखादी भुवई, एखादं बोट. उघडं हावभावाचं गाणं जमवायला फार वर्षं लागतात आणि थोडंसं चुकलं तरी ते उथळ दिसतं. हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये. त्याने शब्दांवर विसंबावं.

लताबाईंचं उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. इंदुरातल्या शीख मोहल्ल्यात १९२९ साली जन्मलेली आपली मुलगी, तिने २००४ साली, पंच्याहत्तरीत, 'वीर-झारा'मध्ये प्रीती झिंटासाठी आवाज दिला. आशाताईंनी १९९५ साली 'रंगीला'त उर्मिला मातोंडकरसाठी गायलं तेव्हा त्या बासष्टच्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण मी ही उदाहरणं तुमच्या मुलापुढे ठेवणार नाही. पार्श्वगायनात चेहरा दुसऱ्याचा असतो. पडद्यावरची मुलगी बघत आपण आवाज ऐकतो, आणि आवाजाला सुरकुत्या दिसत नाहीत. तुमच्या यजमानांना स्वतःचाच चेहरा घेऊन उभं राहायचंय. त्यांचं काम त्या मानाने अवघड आहे, हे घरच्यांनी मान्य करायला हवं.

मुलगा भजनं म्हणा म्हणतो. त्याच्यावर रागावू नका, वडिलांना कुणी हसलेलं त्याला सोसलं नाही, म्हणून तो असं बोलला. पण त्याला भजन म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या. विशीतला मुलगा, संन्याशाचं पोर म्हणून गावाने वाळीत टाकलेला, १२९६ साली समाधी घेतली. आणि त्या विरहिणीत बोलते कोण? प्रियकरासाठी झुरणारी तरुण स्त्री. चांदणं, चंदन, फुलांची शेज, सगळं त्यात आहे. एकनाथांच्या गौळणी घ्या. दाढीमिशीवाला कीर्तनकार, म्हातारा टाळकरी, सगळे मिळून गोपी होऊन कृष्णाशी भांडतात, आणि समोरचं माणूस हसत नाही, डोलतं. आपल्याकडे गाण्यातला 'मी' हा गाणाऱ्याचा 'मी' असावाच असा नियम कधीच नव्हता. १९३१ साली 'कान्होपात्रा' नाटक आलं तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे बालगंधर्व तरुण कान्होपात्रा होऊन उभे राहिले. ख्यालाच्या बंदिशी बघा, त्यातली नायिका कायम तरुणच. पिकल्या केसांचा उस्ताद पियाची वाट बघतो आणि आपण दाद देतो. मग कोजागिरीच्या कार्यक्रमात तेवढा हिशोब का मांडायचा?

आणखी एक गोष्ट सांगते, जी मला आजही टोचते. मी चोविशीत असताना एका मंडळाच्या कार्यक्रमाची व्यवस्था माझ्याकडे होती. एक आजोबा नाव द्यायला आले, नायिकेच्या तोंडचं एक नाट्यपद त्यांना म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही भैरवीत अभंग म्हणा ना, छान वाटेल." ते हो म्हणाले. अभंग सुरात म्हटला, लोकांनी नमस्कार केला. नंतर आत खोलीत शाल घडी करताना ते तेच नाट्यपद स्वतःशी गुणगुणत होते, आणि अभंगापेक्षा ते कितीतरी जिवंत होतं. मी दारात उभी होते, आत जाऊन काही बोलले नाही. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. अभंग ही काही पेन्शनीत निघालेल्यांना बसवायची ओसरी नव्हे. ज्याला आतून यावासा वाटतो त्यानेच तो म्हणावा, आणि तुमच्या यजमानांना जेव्हा वाटेल तेव्हा ते म्हणतीलच.

मग हे चांदण्याचं गाणं बहात्तराव्या वर्षी गायचं कसं? इथे मला देवास आठवतं, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवरचं. कुमार गंधर्व १९४८ साली तिथे आले ते क्षयाने आजारी होऊन. ऐन पंचविशीच्या आतबाहेर, आधीचं नाव दणदणीत, आणि आता गाणंच बंद. काही वर्षं अंथरुणात गेली. उठले तेव्हा फुप्फुसाची ताकद पहिली राहिली नव्हती. पूर्वीसारखं गायचा त्यांनी आटापिटा केला नाही. जेवढा श्वास उरला तेवढ्यात मावणारी छोटी, धारदार स्वरवाक्यं केली, मधल्या शांततेला गाण्यात घेतलं, आणि त्यातून त्यांची गायकी उभी राहिली. त्यांचं आजारपण होतं, तुमच्या यजमानांचं वय आहे, पण गळ्यापुढचा प्रश्न तोच. ह्याच कुमारांनी पुढे बालगंधर्वांची पदं गायली तेव्हा त्या कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्वांसारखा आवाज काढायचा प्रयत्न त्यात नव्हता. मला जे उमजलं ते गातो, एवढंच.

तुमच्या यजमानांनी असंच उमजलेलं गाणं गावं. मूळ गायकाचा हरेक खटका, हरेक लाडिक थांबा जसाच्या तसा उचलायचा नाही. तो थांबा पंचविशीतल्या मुलाचा आहे, ज्याला ती येईल की नाही ठाऊक नाही. तुमच्या यजमानांना ठाऊक आहे ती आली ते. ती आली, संसार केला, आजारपणं काढली, पोरं मोठी केली. हे सगळं माहीत असलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्या भेटीचे शब्द आले की ते वेगळे लागतात. लय किंचित धीमी ठेवावी. ओळ संपली की दम घ्यायला लाजू नये. दुसऱ्या कडव्यातली ती उंच जागा सरळ खाली वळवून घ्यावी. गाणं त्यांचं आहे, त्यांना तेवढा हक्क आहे.

आता ते वाक्य, ताई. 'पन्नाशीनंतर मी सोडलं, बरं दिसत नाही म्हणून.'

कुणाला बरं दिसत नव्हतं? पत्रात कुणाचं नाव नाही. सासूबाईंचं नाही, यजमानांचं नाही. बहुतेक बायकांना हे कुणी सांगावंच लागत नाही, आपणच आधी उठून दार लावून घेतो. सतरा वर्षं झाली. तुम्ही ज्या जागी उभ्या राहायच्या तिथे परवा सव्वीस वर्षांची मुलगी उभी होती आणि तुमचं गाणं गात होती. मंडपात तुम्हाला जी लाज वाटली त्यात थोडं ह्याचंही दुःख होतं का, हे तुम्हीच स्वतःला विचारा. असेल तर त्यात वाईट काही नाही. नसेल तर माझं हे म्हणणं सोडून द्या.

पण गळ्याची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पाळी गेल्यानंतर बाईचा आवाज खाली येतो, जरा भरदार होतो. पुरुषाचं उलट, म्हातारपणी त्याचा आवाज थोडा वर सरकतो, पातळ होतो. म्हणजे तरुणपणी ज्या दोन गळ्यांमध्ये मोठं अंतर असतं, ते सत्तरीच्या सुमारास जवळ येतात. लग्नाच्या वेळी हे गाणं एका पट्टीत गाताना तुमच्यापैकी एकाची नक्की ओढ होत असणार. आज ती कमी होईल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जोडप्यांत मी हे ऐकलं आहे. द्वंद्वगीताला दोन गळे इतके सोयीचे तरुणपणी मिळत नाहीत.

स्टेजवर चला असं मी लगेच म्हणत नाही. आज संध्याकाळी फक्त पेटीवरचं ते फडकं काढा. इतके दिवस बंद आहे, भाता थोडा कुरकुरेल. काळी दोन दाबा, दोघांनी 'सा' लावा. कुणाला खाली वाटलं तर पांढरी तीन, वर वाटलं तर काळी एक. जिथे दोघांनाही आवाज दाबावा लागत नाही ती तुमची पट्टी. मग पहिलं कडवं त्यांना म्हणू द्या आणि दुसरं तुम्ही घ्या, वरच्या त्या जागेसकट. ती तुमच्या गळ्याला आजही सोपी जाईल असा माझा अंदाज आहे. सतरा वर्षांत शब्द विसरला असाल तर वही शोधा. गाण्याच्या वह्या सहसा टाकल्या जात नाहीत, माळ्यावर नाहीतर देवघराखालच्या कपाटात सापडेल.

चार संध्याकाळी असं बसलात आणि जमलं, तर कोजागिरीला दोघांची नावं द्या. आणि व्हिडिओ नातवालाच काढू द्या.